'सरकारचे जावई' आणि फी माफीची पोरं : मराठवाड्यातल्या शिष्यवृत्तीची ऐंशी वर्षं

पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात किंवा गल्लीत कॉलेजला जाणारं एखादं लेकरू आहे त्यांनी सवडीनं का होईना, शेवटपर्यंत वाचावी.

प्रवेशाचे दिवस सुरू झाले की नांदेड-लातूरच्या तहसीलसमोर, सेतू केंद्रासमोर रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाईल, व्हॅलिडिटी, अल्पभूधारक प्रमाणपत्र. बाप शेतातलं काम सोडून आलेला असतो आणि पोरगं मोबाईलवर ओटीपीची वाट बघत असतं. या रांगेत दोन वाक्यं दरवर्षी कानावर पडतात. एक, 'स्कॉलरशिप आली का रे?' आणि दुसरं, जरा दबक्या आवाजात, 'त्यांना सगळं फुकट आहे, आपल्याला कोण विचारतंय?' पहिल्या वाक्यात काळजी आहे, दुसऱ्यात राग आहे. दोन्हीमागे आपल्या भागाचा मोठा इतिहास आहे आणि तो नीट माहीत नसल्यामुळे काळजी आणि राग दोन्ही चुकीच्या पत्त्यावर जातात.

सुरुवात निजामाच्या काळापासून करू. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं शिकवायचं माध्यम उर्दू. औरंगाबादेत १९२३ पासून इंटरमिजिएट कॉलेज होतं. त्यापुढं शिकायचं तर हैदराबाद गाठावं लागे. नांदेड, लातूर, उदगीरच्या मराठी शेतकऱ्याच्या पोरानं हैदराबादला राहायचं कुठं, खायचं काय आणि उर्दूतून शिकायचं कसं? ज्यांच्या ओळखीपाळखी होत्या ते नातेवाइकाकडे राहायचे. काही जातींतल्या मुलांना वार लावून जेवायची सोय मिळायची, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. ज्या जातीच्या पोराला दारातच उभं करत नव्हते त्याच्यासाठी हा रस्ताही बंद होता. १९३८ च्या वंदे मातरम चळवळीत उस्मानियातून विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हा नागपूर विद्यापीठानं त्यांना जवळ केलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यातलेच. पण नागपूरला जाऊन शिकायलाही पदरी काहीतरी लागतंच.

त्या काळात शिकण्यासाठी पैसा मिळायचा तो राजाच्या किंवा दात्याच्या मर्जीनं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली. कॉलेज असलं तरी राहायला-जेवायला नसेल तर खेड्यातलं पोर शिकत नाही, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. साताऱ्याकडं कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेतून कमवा आणि शिका हा मार्ग काढला आणि १९४७ साली साताऱ्यात त्याच पायावर कॉलेज सुरू केलं. ही सगळी मोठी कामं. पण मराठवाड्याच्या वाट्याला असा राजा नव्हता आणि अशी संस्थाही उशिरा आली.

खरा बदल झाला तो मदत मर्जीवरून हक्कावर आली तेव्हा. बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी सरकारला अस्पृश्य समाजाच्या तक्रारींचं एक निवेदन दिलं. त्यात उच्च शिक्षणासाठी पैशाची स्पष्ट मागणी होती. अलीगढ आणि बनारसला सरकार अनुदान देतं, मग या समाजाच्या मुलांसाठी का नाही, असा त्यांचा सवाल होता. सरकारनं वर्षाला तीन लाख रुपये मान्य केले आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली पोरं जिला 'जीओआय' म्हणतात, ती भारत सरकार शिष्यवृत्ती हीच. स्वातंत्र्याच्याही आधीची. १९४८-४९ पासून ती आदिवासी मुलांनाही मिळू लागली. किनवट-माहूरकडच्या वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

मुक्तिसंग्रामानंतर दोनच वर्षांत, १९५० साली, मराठवाड्यात दोन कॉलेजं उभी राहिली. औरंगाबादेत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज, जे पुढं मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. आणि नांदेडात स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं पीपल्स कॉलेज, जिथं पुढं नरहर कुरुंदकर प्राचार्य झाले. मिलिंदच्या उभारणीला हैदराबाद सरकारच्या दलितांसाठीच्या ट्रस्ट फंडातून कर्ज मिळालं होतं. त्या कॉलेजच्या वसतिगृहांत सगळ्या मराठवाड्यातून मुलं आली. ती तिथं टिकली ती शिष्यवृत्तीवर. महिन्याला मिळणाऱ्या थोड्या रुपयांत मेसचं बिल भागत होतं, क्वचित चार रुपये घरी पाठवता येत होते. मराठी दलित साहित्य, पुढची आंबेडकरी चळवळ, नामांतराचा लढा, या सगळ्यांत मिलिंदच्या मुलांची नावं दिसतात. तीन लाखांच्या त्या तरतुदीतून काय उभं राहिलं त्याचा हिशेब असा आहे.

इथं फॉर्मवरच्या एका शब्दाचाही उलगडा करतो. 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असं का लिहिलेलं असतं? १९५६ च्या धर्मांतरानंतर केंद्राच्या नियमानं बौद्ध झालेल्या मुलांचा अनुसूचित जातीचा दर्जा गेला. धर्म बदलला म्हणून गरिबी किंवा गावकुसाबाहेरचं घर बदललं नव्हतं. महाराष्ट्र सरकारनं राज्याच्या पातळीवर नवबौद्धांना सवलती चालू ठेवल्या, पण केंद्राचा कायदा बदलायला १९९० साल उजाडलं.

आता इतिहासाचा दुसरा धागा, जो आपल्याकडं बहुतेक जण विसरले आहेत. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. त्यांच्या सरकारनं १९५९ साली आर्थिकदृष्ट्या मागास, म्हणजे ईबीसी, विद्यार्थ्यांना फी माफी दिली. उत्पन्नाची मर्यादा सुरुवातीला वर्षाला ९०० रुपये होती, लवकरच १२०० झाली. जात कुठलीही असो, बापाचं उत्पन्न कमी असलं की फी माफ. मराठा, लिंगायत, वाणी, माळी, धनगर, मुस्लिम, ब्राह्मण, कुणाच्याही घरातलं पोर. मग गावोगाव कॉलेजं निघाली. लातूरला दयानंद १९६१ साली, नांदेडला यशवंत महाविद्यालय १९६३ साली, लातूरचं राजर्षी शाहू १९७० साली. आपल्या वडिलांच्या पिढीतले कित्येक शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, वकील, बँकेतले कारकून आणि पुढारीसुद्धा ईबीसीवर शिकले. ज्यांना शंका असेल त्यांनी घरातल्या साठी-सत्तरीच्या माणसाला एकदा विचारून बघावं.

म्हणजे १९६० आणि ७० च्या दशकात आपल्या कॉलेजच्या एका वर्गात बसलेली बहुतेक मुलं सरकारी मदतीवर शिकत होती. तरीही टोमणा फक्त एकाच बाकावरच्या मुलांना बसायचा: 'सरकारचे जावई.' असं का? माझ्या मते कारण पैशाच्या वाटेत आहे. ईबीसीवाल्याला हातात काही मिळत नव्हतं, फी घेतलीच जात नव्हती. न भरलेली फी कुणाला दिसत नाही. जीओआयवाल्या मुलाचं नाव मात्र नोटीस बोर्डावर लागायचं. कारकुनाच्या खिडकीसमोर रांगेत उभं राहून, सही करून तो रोख पैसे घ्यायचा. ते सगळ्या कॉलेजला दिसायचं. त्याच पैशातून त्याला खोली, मेस, वह्या, कपडे असं सगळं भागवायचं असतं, गावाकडून पायलीभर ज्वारी यायची शक्यता नसते, हे मात्र कुणी मोजत नव्हतं.

या दिसण्या-न दिसण्यानं मोठं नुकसान केलं. १९७८ च्या २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि आपल्या नांदेड-परभणी भागात काय झालं ते सांगायची गरज नाही. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचं नाव इथं प्रत्येकाला माहीत आहे. त्या आगीमागं जात होती, जमिनीचं आणि गावातल्या सत्तेचं राजकारण होतं. पण शिकलेल्या दलित मुलाबद्दलचा, त्याच्या शिष्यवृत्तीबद्दलचा, नोकरीबद्दलचा आकसही त्यात होता. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात सगळे विद्यार्थी अनुशेषासाठी एकत्र रस्त्यावर होते. चारच वर्षांत ते एकमेकांसमोर उभे राहिले.

मग ईबीसीचं झालं काय? ती योजना कुणी रद्द केली नाही. तिच्या पायाखालची जमीन सरकली. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी दिली. आपल्याकडंही कॉलेजं आली, पोरं इंजिनिअर झाली, हे मान्य. पण अनुदानित कॉलेजची काही रुपयांची फी माफ करणारी योजना, विनाअनुदानित कॉलेजच्या हजारो रुपयांच्या फीपुढं काय करणार? देणग्या बोकाळल्या तेव्हा १९८७ साली कॅपिटेशन फी बंदीचा कायदा आला. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या उन्नीकृष्णन निकालानं फ्री सीट आणि पेमेंट सीट हा प्रकार आला. चाळिशीतल्या वाचकांना आठवत असेल, त्या काळी 'फ्री सीट लागली' हे वाक्य घरात पेढे वाटायचं कारण होतं. निम्म्या जागा सरकारी फीच्या दरात. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालानंतर ती फ्री सीट गेली. कॉलेजचा खर्च धरून फी ठरू लागली आणि सगळ्यांना तीच फी लागू झाली.

आता चित्र बघा. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाची फी समाजकल्याण किंवा आदिवासी विभाग भरतो. शेजारच्या तीन एकर कोरडवाहूवाल्या मराठा शेतकऱ्याच्या मुलाची फी मात्र बाप कर्ज काढून भरतो. त्याला वाटतं, आपल्याला कधीच काही मिळालं नाही. खरं म्हणजे त्याच्या बापाला, चुलत्याला मिळालं होतं. त्याची सवलत शेजाऱ्यानं घेतली नाही. शिक्षण महाग झालं आणि सवलत जुन्या दरात तिथंच राहिली. राग मात्र धोरणावर न जाता शेजाऱ्याकडं वळला, कारण शेजारी रोज दिसतो.

२०१६ साल आपल्याकडं विसरण्यासारखं नाही. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. आदल्या वर्षीच्या दुष्काळात लातूर जिल्ह्यात बसच्या पासाच्या पैशांपायी एका शिकणाऱ्या मुलीनं जीव दिल्याची बातमी राज्यभर गाजली होती. त्यानंतर दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांना एसटीचा मोफत पास मिळाला. म्हणजे कॉलेज सुटायला लाखाची फीच लागते असं नाही, महिन्याच्या पासाचे दोन-अडीचशे रुपयेही पुरतात. सप्टेंबरात नांदेड आणि लातूरला मराठा समाजाचे मूक मोर्चे निघाले. ऑक्टोबरात सरकारनं ईबीसीची उत्पन्न मर्यादा एक लाखावरून सहा लाखांपर्यंत नेली, वरच्या टप्प्याला गुणांची अट घातली. पुढं ती आठ लाख झाली. हीच आजची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, निम्म्या फीची. त्याच सुमारास अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आला. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती-नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार आली, शहराप्रमाणे वर्षाला ४३ हजार ते ६० हजार रुपये. आदिवासी मुलांसाठी स्वयंम आली. ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना यायला २०२३-२४ उजाडलं. जुलै २०२४ मध्ये आठ लाखांच्या आतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली.

वाचताना वाटेल, मग अडचण कुठं आहे? सगळ्यांना काही ना काही आहे की. अडचण कागद आणि खातं यांच्या मधल्या रस्त्यावर आहे.

पहिली गोष्ट, पैसे कधी येतात. काही संस्थांनी खोटे विद्यार्थी दाखवून शिष्यवृत्तीचे पैसे उचलल्याचे प्रकार निघाले, २०१६ साली सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जावेत म्हणून २०१७ पासून महाडीबीटी पोर्टल आलं. हेतू चांगला. पण पहिल्याच वर्षी पोर्टलनं इतका घोळ घातला की त्या वर्षापुरता जुना, ऑफलाईन रस्ता पुन्हा उघडावा लागला. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांना ५९,०४८ कोटींची योजना मंजूर केली आणि केंद्र-राज्य वाटा ६०:४० केला. त्याआधी राज्यांवर जवळजवळ सगळा भार पडायला लागला होता, त्यामुळं हे चांगलं झालं. पण केंद्राचे ६० टक्के थेट मुलाच्या खात्यात आणि राज्याचे ४० टक्के वेगळे, वेगवेगळ्या वेळी. आधार लिंक नाही, खातं बंद पडलंय, नावात एका अक्षराचा फरक आहे, की एक हप्ता अडकला. आणि कॉलेज परीक्षेचा फॉर्म समोर ठेवून म्हणतं, फी भरा.

दुसरी गोष्ट, मर्यादा. भारत सरकार शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा २०१३ पासून अडीच लाख आहे. इतर योजनांची आठ लाख झाली, ही तिथंच. पगारावर असलेला साधा सफाई कामगारही आज त्या रेषेच्या वर जातो. मग पोराला फ्रीशिप मिळते, म्हणजे फी माफ होते, पण निर्वाह भत्ता बंद आणि स्वाधारही बंद. 'सरकारचे जावई' म्हणणाऱ्यांनी हा आकडा वाचावा: साध्या बीए, बीएस्सीच्या मुलाला घरून ये-जा करत असेल तर वर्षाला ३ हजार, वसतिगृहात असेल तर ६ हजार निर्वाह भत्ता मिळतो. महिन्याला अडीचशे किंवा पाचशे. नांदेडच्या श्यामनगरात किंवा लातूरच्या ट्यूशन एरियात एवढ्यात एका वेळचा डबासुद्धा महिनाभर चालत नाही.

तिसरी गोष्ट, संख्या. आधार योजनेत जिल्ह्याला ६०० विद्यार्थी. नांदेड जिल्ह्यात १६ तालुके आहेत, म्हणजे तालुक्याला ३८ सुद्धा येत नाहीत. आणि लातूरला तर शिकायला अख्खा मराठवाडा येतो.

आता कामाचं. पहिलं, शासनाचे निर्देश आहेत की पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिष्यवृत्तीतून येणारी फी मागायची नाही. शाहू शिष्यवृत्तीत निम्मीच फी घ्यायची. कुणी पूर्ण मागत असेल तर पावती मागा, लेखी द्या म्हणा, आणि समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडं किंवा संबंधित सहसंचालकांकडं अर्ज द्या. दुसरं, खातं आधारला जोडलेलं आहे का हे बँकेत जाऊन बघा, फॉर्म भरल्यावर नाही, भरायच्या आधी. तिसरं, अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतात, कारकून काकांना दर पंधरा दिवसांनी विचारत राहा, त्यात लाज कसली. चौथं, वसतिगृहाचा अर्ज आधी करा. तिथं नंबर लागला नाही तरच स्वाधारसारख्या योजनेचं दार उघडतं. पाचवं, कर्जच काढायचं असेल तर बचत गटाच्या किंवा फायनान्सच्या कर्जाआधी बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. नोव्हेंबर २०२४ पासून पीएम विद्यालक्ष्मी आहे, निवडक संस्थांना बिनतारण कर्ज, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात तीन टक्के सूट. आपल्या भागातली फार थोडी कॉलेजं त्या यादीत बसतात, पण बाहेर शिकायला गेलेल्या मुलांना उपयोग होऊ शकतो.

आणि मागण्यांचं म्हणाल तर त्या सगळ्यांच्या एकच आहेत. अडीच लाखांची मर्यादा वाढावी. निर्वाह भत्ता महागाईबरोबर दरवर्षी वाढावा. हप्ता शैक्षणिक वर्ष संपायच्या आत खात्यात पडावा. वसतिगृहांच्या जागा वाढाव्यात. यातली एकही मागणी एका जातीची नाही. अडीच लाखांची मर्यादा वाढवा म्हणणारा आणि शाहू शिष्यवृत्ती वेळेवर द्या म्हणणारा, दोघंही त्याच पोर्टलवर, त्याच सेतूच्या रांगेत उभे आहेत. १९७४ ला आपली पोरं एकत्र मागत होती तेव्हा मुंबईला ऐकावं लागलं होतं.

यंदा ज्यांचा मागच्या वर्षीचा हप्ता अजून आलेला नाही त्यांनी कॉलेजचा तालुका, अभ्यासक्रम, योजनेचं नाव आणि अर्जाचं वर्ष एवढंच मला मेसेज करून कळवा. नाव, जात, आधार नंबर काही पाठवू नका. दोन्ही जिल्ह्यांची यादी एकत्र करून पालकमंत्र्यांसमोर आणि समाजकल्याण कार्यालयात मांडायची आहे.